चंद्रीचं कच्चं दूध

प्रिय नंदिनी आणि ईशान,

गेल्या रविवारी फोनवर नंदिनीनं विचारलं, "आजी, त्या सगळ्या शेळ्या मारून का नाही टाकल्या?" मागून ईशान ओरडला, "आणि त्या दूधवाल्या आजींना जेलमध्ये टाकलं का?" तुमच्या बाबानं घाईनं फोन घेतला आणि तिकडच्या बर्फाचा विषय काढला. मला उत्तर देता आलं नाही, कारण त्या दूधवाल्या आजी माझ्यासमोरच ओट्यावर बसून शेंगा फोडत होत्या. त्यांनी विचारलं, "काय म्हनून राहिलीत लेकरं?" मी म्हटलं, "तुझी आठवण काढतायत." ते खोटं नव्हतं.

नाताळच्या सुट्टीत तुम्ही इकडे येताय. समोरच्या घरातून तुम्हाला चहाचं बोलावणं येणारच. तो प्यावा की नाही, हे तुम्ही मला दाराआड नेऊन विचारण्याआधी मी इथेच सांगून टाकते. शिवाय हा आजार आमच्या भागात पुष्कळांना होत असावा आणि ओळखू येत नसावा, असं मला आता वाटतं. कुणाच्या घरी ताप येत-जात असेल, तर हे कागद त्यांनाही वाचायला द्या. अवघड शब्द आईला विचारा.

आधी माझ्या स्वभावाविषयी. माझं शिक्षण सिकंदराबादला इंग्रजी शाळेत झालं आणि लग्न होऊन मी या गावात आले. आजोबांचं वारंगा फाट्यावर बी-बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. औषधाच्या डब्यांवरची माहिती तेव्हा इंग्रजीत असे. शेतकरी डबा घेऊन यायचे आणि मी वाचून सांगायचे: किती पाण्यात किती, हात कशानं धुवायचे, पोटात गेलं तर काय करायचं. त्या कामानं मला कायमची सवय लावली. आमच्या घरी पाणी उकळलेलं, दूध तीनदा वर आलेलं, पालेभाजी मिठाच्या पाण्यातून काढलेली. हे बढाई म्हणून सांगत नाही. पुढे याचा संबंध येणार आहे.

पेशी

मागच्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर मला डेंग्यू झाला. आमच्याकडे डेंग्यू म्हटलं की एकच शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो: पेशी, म्हणजे प्लेटलेट्स. भेटायला येणारा माणूस उंबऱ्यावरूनच विचारतो, "पेशी किती?" जणू परीक्षेचे गुण. मग जो तो उपाय सांगतो. पपईच्या पानांचा रस, नांदेडहून आणलेली किवी, आणि सगळ्यात खात्रीचं म्हणजे शेळीचं कच्चं दूध. कच्चंच. उकळलं की त्याचा गुण जातो, असं इथल्या लहान पोरालाही माहीत आहे.

गया आमच्या समोर राहते. मधे फक्त बैलगाडीची वाट. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, नवरा नाही, थोडी कोरडवाहू जमीन आणि शेळ्या. एकुलती लेक रेखा सेनगावकडे दिलेली. रेखा लहानपणी शाळेतून आली की आधी माझ्या स्वयंपाकघरात डोकवायची, मग आपल्या घरी जायची. इतकं आमचं येणं-जाणं.

गयानं माझा ताप ऐकला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच तांब्या घेऊन हजर.

"चंद्रीचं हाये. आत्ताच काढलं. असंच प्या."

"उकळून घेते."

"उकळलं तं मग म्हशीचं काय वाईट हाये?"

"गया, मी कच्चं दूध पीत नाही."

"अक्का, तुमी इंग्रजी शिकल्या म्हून तुमच्या पेशी काय इंग्रजीत वाढतेत व्हय?"

आजोबा खाटेवर बसून हसले. "पी गं. सारी दुनिया पिऊन राहिली."

मी अशक्त होते आणि घाबरलेही होते. तरी पद्धत सोडली नाही. पेल्यावर उकळतं पाणी ओतून घेतलं, मलमलचं धुतलेलं फडकं लावून दूध गाळलं, आणि प्याले. रोज सकाळी, ताप उतरेपर्यंत. पेशी वाढल्या. डेंग्यूत त्या पुढे आपोआप वाढतात, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण श्रेय चंद्रीला गेलं आणि मीही ते जाऊ दिलं.

त्याच दिवसांत एका सकाळी गया तांब्या ठेवून जाईचना. पदराशी खेळत उभी राहिली.

"काय गं?"

"रेखीला दिवस गेले." मग एकदम, "पयलं बाळंतपण माहेरीच करनार मी. गुढीपाडवा झाला की आनते तिला."

ते दूध मी त्या दिवशी आनंदानं प्याले.

येणारा-जाणारा ताप

दिवाळीनंतर संध्याकाळी अंग कसकसू लागलं. सकाळी काहीच नसे. चार-आठ दिवस बरे जात, मग पुन्हा. झोपेत इतका घाम यायचा की उशीचा अभ्रा पिळावा. त्या घामाला ओल्या पोत्यासारखा वास होता. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःच्या अंगाची किळस आली. मग कंबर धरली. खाली, मध्यभागी, खिळा मारल्यासारखी.

कळमनुरीला टायफॉइडची औषधं झाली. थोडं बरं वाटलं आणि परत तेच. हिंगोलीत रक्त काढलं, छातीचा फोटो काढला, ताकदीच्या गोळ्या मिळाल्या. "वय झालं, काकू," असं तिथे म्हणाले. या वाक्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. वय हे कारण वाटतं, पण ते उत्तर न शोधण्याचं निमित्तही असतं. तुमच्या ओळखीच्या म्हाताऱ्या माणसाला कुणी असं म्हटलं, तर दुसऱ्या डॉक्टरकडे न्या.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती कुणी सांगत नाही. त्या महिन्यांत माझं मन मेलं होतं. तुमचा फोन वाजला की मला उचलावासा वाटत नसे. तुम्ही रुसला होतात; बाबा म्हणाला, आजी झोपली आहे. आजी झोपलेली नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. तो आजाराचाच भाग असतो, हे मला नंतर कळलं.

संक्रांतीच्या दिवशी मोरीतल्या पाटावरून मला उठता येईना. आजोबांनी दाराबाहेरून विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "आत या." इतक्या वर्षांच्या संसारात असं मी त्यांना पहिल्यांदा म्हटलं. दुसऱ्या दिवशी गाडी करून आम्ही नांदेडला गेलो.

निदान

कंबरेचा एमआरआय झाला. दोन मणके आणि त्यांच्यामधली गादी खराब झाली होती. एका डॉक्टरांनी मणक्याचा टीबी असावा असं सांगितलं. आजोबा खाली मान घालून बसले. त्यांच्या आईला टीबी झाला होता आणि तिचं ताट वेगळं ठेवलेलं त्यांनी लहानपणी पाहिलं होतं.

संध्याकाळी एक तरुण डॉक्टरीण आल्या. पलंगाच्या कडेला बसून त्यांनी पहिल्यापासून सगळं विचारलं. शेवटी म्हणाल्या, "घरी जनावरं आहेत?"

"नाहीत."

"कच्चं दूध कधी घेता?"

मी जवळजवळ दुखावले. "डॉक्टर, आमच्या घरी दूध तीनदा वर आल्याशिवाय..."

आजोबा खोकले. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते.

"अगं, चंद्रीचं?" ते म्हणाले.

"चंद्री कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"शेळी," आजोबा म्हणाले. "समोरची."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी त्याच वेळी रक्ताची एक वेगळी तपासणी लिहून दिली. टीबीची औषधं सुरू करण्याआधी एवढी एक बघू या, म्हणाल्या. ती तपासणी महाग नाही, अवघडही नाही. फक्त कुणाच्या तरी मनात यावी लागते. ती आली. आजाराचं नाव ब्रुसेलोसिस.

नंदिनी, तू जीवशास्त्र शिकतेस म्हणून हे तुझ्यासाठी. ब्रुसेला हे एका कुळाचं नाव आहे. आखूड काड्यांसारखे जंतू, आणि ग्रॅम पद्धतीनं रंगवले की सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी दिसतात. तू त्यांना ग्रॅम-निगेटिव्ह म्हणशील. कुळातल्या भावंडांनी जनावरं वाटून घेतली आहेत. एकाला गाई-म्हशी, एकाला डुकरं, एकाला कुत्री. मला झाला तो शेळ्या-मेंढ्यांचा, मेलिटेन्सिस. माल्टा बेटाच्या जुन्या नावावरून त्याला ते नाव पडलं. माणसाला सगळ्यात जास्त त्रास देणारा भाऊ हाच. गाळल्यानं तो अडकत नाही. माझं मलमलचं फडकं त्याच्या लेखी दरवाजाच होतं. तो मरतो उकळल्यानं.

डॉक्टर पुढे म्हणाल्या, "शेळ्यांमध्ये या आजाराची मुख्य खूण म्हणजे गाभण शेळी गाभडते, तिचा गर्भ पडतो. त्या वेळी जे बाहेर पडतं, त्यात सगळ्यात जास्त जंतू असतात. तिकडे कुणी गरोदर बाई असेल तर तिला त्या शेळ्यांपासून लांब ठेवा. बाळ जाऊ शकतं."

माझ्या मणक्यांविषयी त्या आणखी बरंच बोलल्या. मी ऐकलं नाही. मी मनात पाडव्यापर्यंतचे दिवस मोजत होते.

वॉर्ड

रोज एक इंजेक्शन, दोन प्रकारच्या गोळ्या, आणि मूत्रपिंडं ठीक आहेत ना हे पाहायला वरचेवर रक्त. एका गोळीनं लघवी केशरी होते, घाबरू नये. दुसरी भरपूर पाण्यानं, बसून घ्यायची, आणि उन्हात जायचं नाही. कंबरेला पट्टा. पाठीवर पडून राहायचं. सकाळी चादरी बदलायच्या, मग डॉक्टरांची फेरी, मग दुपारचा लांबलचक उजेड.

शेजारच्या पलंगावर वसमतकडच्या एक बाई होत्या, पायाचं हाड मोडलेल्या. त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमाला काय झालं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "दुधानं? मंग आमी कसे जित्ते हाव?" मी म्हटलं, "नशिबानं." त्या खूप हसल्या आणि त्यांच्या घरून आलेल्या भाकरीतली अर्धी मला दिली. सिस्टर रोज माझी वेणी घालायच्या. हात वर करून वेणी घालणं मला जमत नव्हतं आणि मोकळ्या केसांनी पडून राहणं मला सहन होत नव्हतं. हे मी बोलले नव्हते. त्यांनी ओळखलं.

आजोबांनी आयुष्यात चहा केला नव्हता. नांदेडला नातेवाइकांच्या घरी ते दूध तापवायला शिकले. भांड्यासमोर हात मागे बांधून उभे राहायचे. त्या घरची सून म्हणाली, "आण्णा, उतू गेलं ना." आजोबा म्हणाले, "जाऊ दे. जे मरायचं ते मरू दे."

तुमचा बाबा तिकडून आला तेव्हा मी उताणी पडलेली होते. त्यानं मला अशी कधी पाहिली नव्हती. तो भ्याला, आणि तो भ्याला की रागावतो. घरून माझे कपडे आणायला गेला असताना त्याला वाटेत गया दिसली. गाडीची काच खाली करून तो म्हणाला, "काकू, तुमच्या शेळ्यांनी आईला आडवं केलं." एवढंच. गावात तेवढं पुरतं. संध्याकाळपर्यंत फाट्यावर बातमी होती की गयानं अक्काला नासकं दूध पाजलं.

बाबाला दोष देऊ नका. त्यानं मला उचलून खुर्चीत बसवलं, माझे पाय दाबले, आणि माझ्या उशाशी बसून पुण्यातल्या त्याच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये कुठे पकडायला दांड्या लावायच्या ते ठरवलं.

"आई, डिस्चार्ज झाला की थेट पुणे. तिथे सगळं आहे."

"सुधीर, ते नंतर बघू. आधी मला गयाकडे जायचंय."

"भांडायला?"

"रेखा येणार आहे. तिला दिवस आहेत."

रेखाला त्यानं सायकल शिकवली होती.

बंद दार

घरी आले, पण खोलीतल्या पलंगावरच. खिडकीतून गयाचं दार दिसायचं. ते बंद असायचं किंवा पाठ फिरवलेलं असायचं, म्हणजे ती मागच्या बाजूनं शेळ्या सोडायची आणि तिकडूनच आणायची.

आजोबा तिला भेटून आले. "मी म्हनलं, गया, तुझ्या शेळ्याइला बिमारी हाये. तिनं ऐकलंच न्हाई. म्हने, आण्णा, आता डाक्टरकीचं बी दुकान टाकलं का?" मी फोन केला, तिनं कापला. रेखाला फोन करावा असं एकदा मनात आलं. पण रेखाच्या सासरी कळलं असतं की माहेरच्या शेळ्यांत रोग आहे, तर तिचं माहेरच तुटलं असतं, आणि गयाचा बोल माझ्यावर राहिला असता. आणि समजा रेखाला न सांगता गप्प बसले असते, तर ती पाडव्यानंतर येऊन त्याच वाडग्यात, म्हणजे शेळ्या कोंडतात त्या काटेरी कुंपणात, शेण काढायला बसली असती. तिच्या आईला ते चालणारच होतं. गरोदर बाईनं हलतं राहावं, असं आम्हीच सांगतो.

मला स्वतः जायला हवं होतं. बाबा जाण्याआधी म्हणाला होता, "खुर्चीत बसवून नेऊ का? दोघं जण धरतील." मी नाही म्हटलं. दोघांनी उचलून मला तिच्या दारात नेलं असतं, तर ती भेट राहिली नसती, फिर्याद झाली असती. तिनं माझे पाय पाहिले असते, माझं ऐकलं नसतं. मला माझ्या पायांनी जायचं होतं.

चालणं

चालणं हे मी पुन्हा शिकले. हळद काढणीचे दिवस होते. सगळीकडून शिजत्या हळदीचा वास यायचा आणि मी खोलीच्या आत पलंगाची कड धरून उभी राहायचे. पहिल्या दिवशी उभी राहिले आणि रडले. दुसऱ्या दिवशी रडण्यासाठी वेळ ठेवला नाही. मग भिंत, मग दार, मग ओटा. नांदेडहून सांगितलेले व्यायाम मी घड्याळ लावून केले. डॉक्टर म्हणाल्या होत्या, दुखेल तिथे थांबा. मी दुखेल तिथे थांबत होते आणि मग तिथूनच पुन्हा सुरू करत होते.

आजोबा मागे मागे यायचे, हात पुढे धरून, जणू मी उतू जाणारं दूध आहे.

"मागून येऊ नका. मला पडल्यासारखं वाटतं."

"मंग म्होरून येऊ?"

"बसा."

ते बसायचे आणि बसल्या जागेवरून प्रत्येक पावलाला मान हलवायचे.

होळी झाली. फाटकापर्यंत गेले. फाटकाला धरून उभी होते तेव्हा गया शेळ्या घेऊन परतत होती. तिनं मला पाहिलं. तीही थोडी लंगडत होती. ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

वाडगं

पाडव्याच्या आधी एका सकाळी पट्टा आवळून, काठी घेऊन, मी वाट ओलांडली. आजोबांना फाटकाशी थांबायला सांगितलं. गया वाडग्याच्या तोंडाशी बसली होती.

तिनं वर पाहिलं. "काहून आल्या? पोलीस घेऊन यायचं व्हतं."

"पोलीस माझ्या चालीनं आले असते तर अजून वाटेतच असते. बाज टाक. मला खाली बसता येत नाही."

तिनं बाज टाकली. तोंड फिरवूनच.

"मी काय जानूनबुजून पाजलं व्हय?"

"नाही."

"साऱ्या गावात माझं नाव करून टाकलं तुमच्या पोरानं. माझ्या हातचं ताक बी कुनी घेईना."

"त्यानं चूक केली. मी त्याच्या वतीनं आले नाही. मला एक सांग. चंद्रीचं करडू कुठे होतं त्या वेळी?"

तिनं चंद्रीकडे पाहिलं. मग म्हणाली, "न्हवतं."

"म्हणजे?"

"मेलेलंच पडलं. दिवस भरायच्या आधी. म्याच हातानं वढून काढलं. थानं तं भरून आली व्हती. पिनारं कुनी न्हाई." तिनं पदर तोंडाला लावला. "म्हनलं, दूध वाया जाऊन राहिलं आन् हितं अक्काच्या पेशी उतरून राहिल्या. देवानंच योग आनला."

इतके दिवस मी त्या दुधाला दैव म्हणत होते, निष्काळजीपणा म्हणत होते. ते एका मेलेल्या करडाच्या वाट्याचं दूध होतं. ज्या रोगानं करडू मेलं, त्याच रोगानं दूध शिल्लक राहिलं, आणि गयानं ते प्रेमानं माझ्याकडे आणलं.

"आणखी किती गाभडल्या?"

"दोन. नजर लागली म्हून बिब्बा बांधला." तिनं खरंच चंद्रीच्या गळ्याकडे बोट दाखवलं. काळ्या दोऱ्यात बिब्बा होता.

"तुला घाम येतो का, झोपेत?"

तिनं माझ्याकडे चमकून पाहिलं.

"गुडघे धरलेत ना? ताप येतो आणि जातो?"

"वय झालं, अक्का."

"हे मला हिंगोलीत सांगितलं होतं. तेव्हा मला खरं वाटलं होतं."

"माझं रगत तपासलं, त्यात निघालं, की मंग शेळ्याइचं तपासतीन. मंग शेळ्या नेतीन. मी काय करू मंग? तुमाला दुकान व्हतं. मला काय हाये?"

"रेखा आहे."

"तिचं काय मधीच?"

मग मी डॉक्टरांचं वाक्य तिला जसंच्या तसं सांगितलं. बाळ जाऊ शकतं. डब्यावरचा मजकूर वाचून सांगायचे तसं, काही कमी न करता, काही न वाढवता. गया ऐकत होती. चंद्री तिच्या खांद्याला तोंड घासत होती आणि गया तिला ढकलत नव्हती.

मग ती म्हणाली, "पयलं बाळंतपण हाये तिचं. माहेरी आनलं न्हाई तं लोक काय म्हनतीन? मी तिच्या सासूला शब्द देल्ला."

"शब्द पाळ. माहेरी आण."

"कुठं? हितं?"

मी काठीनं वाटेपलीकडे दाखवलं. आजोबा फाटकात उभे होते, अजून मान हलवत.

"सुधीरची खोली रिकामी आहे," मी म्हटलं.

माहेर

आधी गयाचं रक्त तपासलं. तोच आजार निघाला. तिनं गोळ्या माझ्यापेक्षा शिस्तीनं घेतल्या. केशरी लघवीला ती "माझी हळद" म्हणायची. कळमनुरीहून जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी हातमोजे घालून एकेका शेळीचं रक्त घेतलं. ज्यांच्या रक्तात सापडलं, त्या कळपातून काढून माराव्या लागणार होत्या, बाजारात नेऊन दुसऱ्याच्या दावणीला बांधायच्या नव्हत्या. हे गयाला पटवावं लागलं नाही. एक व्यापारी आपण होऊन दारात आला होता. तिनं त्याला वाटेवरूनच परत पाठवलं. ज्या दिवशी चंद्री गेली, त्या दिवशी गया जेवली नाही. मीही जेवले नाही, आणि ते आम्ही एकमेकींना सांगितलं नाही.

पाडव्यानंतर रेखा आली ती थेट आमच्या घरी. तिचं रक्त स्वच्छ होतं. तिच्या सासूबाई सोडायला आल्या होत्या. त्यांनी ओटीवर नजर फिरवली आणि विचारलं, "माहेर समोर हाये ना?"

गया म्हणाली, "माहेर दोन्ही बाजूनं हाये."

गया रोज शेळ्यांचं काम आटोपून, अंघोळ करून, लुगडं बदलून वाट ओलांडायची. हा आजार माणसाकडून माणसाला सहसा जात नाही, हे मी तिला सांगितलं होतं. तरी ती तसंच करायची. बाबाचा पुण्याविषयी फोन आला तेव्हा मागे रेखा आणि गया शेवया कशा कराव्यात यावर भांडत होत्या. त्यानं विचारलं, "आई, घरात कोण आहे?" मी सांगितलं. मग म्हणाला, "गयाकाकूंना फोन दे." ते दोघं काय बोलले मला माहीत नाही. गया डोळे पुसत परत आली आणि म्हणाली, "तुमचं पोरगं अजून गधंच हाये." पुण्याच्या दांड्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

जूनमध्ये सरकारी दवाखान्यात रेखाला मुलगी झाली. पाचवीची पूजा आमच्या घरी झाली. पाट्याखाली कोरा कागद आणि पेन ठेवतात, देवीनं बाळाचं नशीब लिहावं म्हणून. पाटा मला उचलवत नाही; आजोबांनी उचलला.

तुम्ही याल तेव्हा

समोरचा चहा बेधडक प्या. गया दूध इतकं उकळते की त्याची चव गेली आहे, असं आजोबा म्हणतात. शेळी वितेवेळी वाडग्यात जाऊ नका. नंदिनी, तुला हातमोजे हवे असतील तर गयाच्या खुंटीवर आहेत. करडांना उचलून घ्यायला हरकत नाही, ती तपासलेल्या शेळ्यांची आहेत.

शेळ्या का मारल्या नाहीत, याचं उत्तर इतकंच. ज्या रोगी होत्या त्या गेल्या. ज्या निरोगी होत्या त्या गयाचं पोट भरतात. आणि ज्या बाईनं मला दूध दिलं, तिनं माझ्यावर माया केली होती. मायेलाही उकळी द्यावी लागते, एवढं आम्ही दोघी शिकलो.

माझ्या औषधाचा कोर्स संपला. हा आजार उलटू शकतो, म्हणून दर काही महिन्यांनी रक्त देते. त्यात त्याच्या खुणा अजून दिसतात. डॉक्टर म्हणतात, त्या बराच काळ राहतील, त्यांचा अर्थ आजार असा नाही. दोन मणके एकमेकांना चिकटून बसले आहेत. मला खाली वाकता येत नाही. काठी सुटली नाही. चंद्री नाही, तिची आधीच्या वेताची पाट आहे, म्हणजे तरुण शेळी, अजून न व्यालेली, तिच्यासारखीच कपाळावर चांद असलेली. समोरचं दार दिवसभर उघडं असतं. तुमच्या खोलीत, पंख्याशेजारी, रेखाच्या मुलीच्या पाळण्याचा आकडा आहे. तो मी काढू दिलेला नाही.

तुमची,
आजी